अल्फा-ग्लुकोसिडेजवर वनस्पती संयुगांचं डॉकिंग: आकडा अ‍ॅकार्बोजपेक्षा चांगला आलाय, विश्वास ठेवू का?

ओंजळभर

नमस्कार. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. मधुमेहावर उपयोगी पडतील अशी वनस्पतींमधली संयुगं संगणकावर चाळून काढायची, असा प्रकल्प घेतलाय. डॉकिंग म्हणजे रेणू प्रथिनाच्या खळग्यात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज. लक्ष्य म्हणून अल्फा-ग्लुकोसिडेज निवडलं. पिष्टमय पदार्थांचे शेवटचे तुकडे तोडून ग्लुकोज मोकळं करणारं हे आतड्यातलं एंझाइम. ते थोपवलं की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. अ‍ॅकार्बोज हे औषध हेच करतं, म्हणून तुलनेला तेच घेतलं.

संयुगं भारतीय औषधी वनस्पतींच्या इम्पॅट या डेटाबेसमधून घेतली. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ संयुगं आहेत. मी त्यातली सहाशेच्या आसपास निवडली आणि ऑटोडॉक विना या डॉकिंगच्या प्रोग्रॅममध्ये लावली. पहिलं आलं एक फ्लेव्होनॉइड ग्लायकोसाइड (साखर जोडलेलं वनस्पतीतलं रंगद्रव्य; नाव अजून देत नाही, माफ करा). त्याचा आकडा उणे १०.४ किलोकॅलरी प्रति मोल, आणि अ‍ॅकार्बोजचा उणे ८.१ (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट).

एवढ्यावर थांबले नाही. मैत्रिणीने प्रयोगशाळेत एंझाइमवर चाचणी लावली, तिथेही हे संयुग अ‍ॅकार्बोजच्या कितीतरी कमी मात्रेत काम करतंय. मार्गदर्शक म्हणतात, लिहायला घे. दोन रात्री आनंदाने झोप लागली नाही. पण शीर्षकात ‘अ‍ॅकार्बोजपेक्षा प्रभावी’ असं लिहिताना हात अडतोय. एवढं सोपं असतं तर आधीच कुणी औषध केलं नसतं का? शिवाय संयुगाचा रेणुभार ६१० आहे, म्हणजे तोंडाने घ्यायच्या औषधांसाठी लिपिन्स्कीने घातलेल्या ५०० च्या मर्यादेबाहेर. तेही खुपतंय.

जाणकारांनी मोकळेपणाने चुका दाखवाव्यात.

पहाटवारा

अभिनंदन! विषय फार आवडला. वाचतोय.

गणकयंत्री

आधी एक गोष्ट सांगा. एंझाइमची रचना कुठली घेतलीत? माणसाची की यीस्टची?

ओंजळभर

यीस्टची. ३ए४ए (प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातला तिचा क्रमांक). आधीचे जे पेपर वाचले त्यात बहुतेक ठिकाणी तीच होती.

गणकयंत्री

वाटलंच होतं. वाईट वाटून घेऊ नका, या वाटेवर जवळजवळ प्रत्येकाचा पाय इथे घसरतो. पहिल्या प्रकल्पात माझाही घसरला होता.

३ए४ए ही यीस्टच्या आयसोमाल्टेजची रचना आहे. यीस्टच्या अल्फा-ग्लुकोसिडेजशी तिचं चांगलं साम्य आहे, म्हणून लोक ती वापरतात. पण यीस्टचं एंझाइम ग्लायकोसाइड हायड्रोलेजच्या १३ व्या कुळातलं आणि आपल्या आतड्यातलं ३१ व्या कुळातलं. दोघांचं काम एकच, घडण मात्र वेगळी, आणि ज्या खळग्यात साखर बसते तो खळगाही वेगळा. आपल्या आतड्यात तर हे एक एंझाइम नाहीच. माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज अशी दोन प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाला दोन-दोन क्रियाशील जागा, म्हणजे एकूण चार. माल्टेज-ग्लुकोअमायलेजच्या पुढच्या भागाची रचना अ‍ॅकार्बोजसकट उपलब्ध आहे (२क्यूएमजे), मागच्या भागाचीही आहे (३टॉप). ती सोडून यीस्टची रचना घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या कुलुपावर आपली किल्ली घासून बघणं.

आता आकड्याबद्दल. विना २०१० साली प्रसिद्ध झालं. त्याच्या कर्त्यांनीच दिलेली प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास आहे. तुमच्या दोन आकड्यांतला फरक २.३. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनशक्तीत दहापट फरक, हे ध्यानात घेतलं तर विनाची त्रुटीच शंभरपटीहून मोठी होते. तुमचा फरक त्या धुक्यातच विरतो.

आणि अ‍ॅकार्बोजचा आकडा कमी का येतो याला खास कारण आहे. तो लांबलचक, लवचीक रेणू आहे. चार कडी एकमेकांत अडकवल्यासारखा, भोवती हायड्रॉक्सिलांची झालर. विना एकेरी बंध फिरवून बघतं, पण कड्यांचा आकार बदलत नाही. तुम्ही दिलेल्या फाइलमध्ये कडं जसं वाकलेलं असेल तसंच ते शेवटपर्यंत राहतं. अ‍ॅकार्बोजची खरी ताकद मात्र पहिल्या कड्याच्या चपटेपणात आणि त्याला लागून असलेल्या नायट्रोजनमध्ये आहे. साखरेचा बंध तुटण्याच्या क्षणी जी अवघडलेली, धनभारित अवस्था तयार होते, तिची हा भाग हुबेहूब नक्कल करतो. तो नायट्रोजन फाइलमध्ये प्रोटॉन धरून (म्हणजे धनभारित) बसलाय की मोकळा आहे, तपासलंत का? मोकळा असेल तर तुम्ही अ‍ॅकार्बोजला हात बांधून कुस्तीत उतरवलंय.

ओंजळभर

नाही तपासलं. पबकेम या रसायनांच्या संग्रहातून त्रिमित फाइल उतरवली आणि थेट रूपांतर केलं. आत्ता उघडून बघितली, नायट्रोजनवर भार नाही.

शेवाळ

गणकयंत्रींनी कड्यांचं सांगितलं, मी त्रिमितीबद्दल सांगतो. सहाशे संयुगांच्या फाइली एका झटक्यात बनवल्या असतील तर कार्बनभोवतीची डावी-उजवी मांडणी सगळीकडे शाबूत राहिली का, हे नक्की बघा. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन कागदावर सपाट काढले तर एकसारखेच दिसतात, पण खळग्यात बसताना एकाचा हायड्रॉक्सिल भिंतीकडे जातो नि दुसऱ्याचा तोंडाकडे. मांडणीची खूण नसलेली रेणूसूत्राची ओळ दिली तर प्रोग्रॅम मनाला येईल ती बाजू धरतो आणि तक्रारही करत नाही. साखर जोडलेल्या रेणूंत तर अशी पाच-दहा केंद्रं असतात.

खोक्याबद्दलही विचारतो, म्हणजे विना ज्या जागेत रेणू बसवून बघतं तिच्याबद्दल. विनाने ‘शोधक्षेत्र २७,००० घन अँगस्ट्रॉमपेक्षा मोठं आहे’ असा इशारा दिला होता का?

ओंजळभर

दिला होता. अख्ख्या प्रथिनाभोवती खोका घेतला होता, म्हणजे एकही जागा सुटणार नाही असं वाटलं.

शेवाळ

मग तो आकडा क्रियाशील जागेतलाच आहे याची खात्री नाही. एवढ्या जागेत आठच्या एग्झॉस्टिव्हनेसवर (विना किती कसून शोधतं ते ठरवणारी संख्या) शोध उथळ होतो. उणे १०.४ वाली स्थिती उघडून बघा, रेणू कुठे बसलाय.

काचपात्र

मी प्रयोगशाळेतली आहे. एंझाइमच्या चाचण्या लावण्यात बरीच वर्षं गेली. तुझ्या मैत्रिणीच्या निकालाबद्दल बोलते. वयाने लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणतेय, चालेल ना?

मैत्रिणीने बाटलीतलं यीस्टचं एंझाइम वापरलं असणार, ते सहज मिळतं. आणि पीएनपीजी हा कृत्रिम पदार्थ घालून ४०५ नॅनोमीटरवर पिवळा रंग मोजला असणार. बरोबर असेल तर पुढचं नीट वाच.

अ‍ॅकार्बोज यीस्टच्या एंझाइमला फारसं रोखतच नाही. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एंझाइमवर ते जोरदार, यीस्टवर अगदी लेचंपेचं. त्यामुळे यीस्टवर जवळजवळ कुठलंही फ्लेव्होनॉइड लाव, ते ‘अ‍ॅकार्बोजपेक्षा कितीतरी पट प्रभावी’ दिसतं. असे निकाल शेकड्याने छापले गेलेत. ज्याच्याशी तुलना करायची तोच त्या मैदानावर पांगळा, तर जिंकण्याला अर्थ काय? तुझ्या संगणकानेही यीस्टचं एंझाइम घेतलं आणि मैत्रिणीनेही. दोघींचं उत्तर जुळलं म्हणून आनंद झाला, पण चूकही दोघींनी एकच केली.

दुसरं, रंगाचं. फ्लेव्होनॉइड स्वतःच पिवळी असतात. कित्येकांचं प्रकाश शोषण ४०० नॅनोमीटरच्या आगेमागे होतं. मैत्रिणीला विचार, संयुग घातलेली पण एंझाइम न घातलेली कोरी नळी प्रत्येक मात्रेसाठी लावली होती का? एकच कोरी नळी लावून तीच सगळीकडे वजा केली असेल तर वक्र वाकडा होतो.

तिसरं माझ्या अनुभवाचं. एका पानाच्या अर्कातल्या संयुगावर आम्ही चार महिने घालवले. वक्र सुरेख, पुनरावृत्ती सुरेख. मग एकाने सहज म्हणून चाचणीत ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या द्रव्याचे ०.०१ टक्के घातले आणि सगळा परिणाम नाहीसा झाला. रेणू एंझाइमच्या खळग्यात बसतच नव्हता. पाण्यात त्याचे बारीक गोळे होत होते आणि एंझाइम त्या गोळ्यांना चिकटून निकामी होत होतं. साबणाने गोळे फुटले, एंझाइम मोकळं झालं. त्या दिवशी नळी प्रकाशासमोर धरली तर आत हलकीशी दुधाळ छटा दिसत होती. चार महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

यीस्ट सोड. उंदराच्या आतड्याची अ‍ॅसिटोन पावडर मिळते, तिचा अर्क वापर. पीएनपीजीऐवजी माल्टोज आणि सुक्रोज घाल आणि सुटलेलं ग्लुकोज मोज. ते ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजने मोजशील तेव्हा पुन्हा सांभाळ. फ्लेव्होनॉइड रंग आणणारं पेरॉक्साइड खातात, रंग कमी येतो आणि एंझाइम थांबल्यासारखं भासतं. म्हणून ठरावीक ग्लुकोजच्या द्रावणात तुझं संयुग घालून आधी रंग उतरतो का ते बघ.

सावली_२

मी शास्त्रातली नाही, पण हा विषय माझ्या घरात आहे. आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या फोनवर एक निरोप आला, ‘अमुक वनस्पती मधुमेहावर गुणकारी असल्याचं संगणकाने सिद्ध केलं’. ती गोळ्या बंद करून पावडर घेऊ म्हणतेय. तुमची चर्चा अर्धीच कळली. एवढंच विचारते, ‘संगणकाने सिद्ध केलं’ याचा अर्थ नक्की काय होतो?

गणकयंत्री

अर्थ इतकाच की त्या रेणूचा आकार एंझाइमच्या खळग्यात मावतो असा संगणकाचा अंदाज आहे. तो पोटात टिकतो का, रक्तात पोचतो का, पोचला तर पुरेसा पोचतो का, आणखी कशाला जाऊन चिकटतो, यातलं काहीही त्यात तपासलेलं नसतं. माणसावर तर सोडाच, उंदरावरही नाही. आईंच्या गोळ्या बंद करू नका.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून सावलीताईंना दोन शब्द. गोळ्या एकदम बंद केल्या तर साखर किती चढेल याचा भरवसा नाही. आणि ‘वनस्पतीतलं म्हणजे निरुपद्रवी’ हा समज तर मनातून काढूनच टाका. ॲकी नावाच्या झाडाच्या कच्च्या फळात हायपोग्लायसिन नावाचं द्रव्य असतं. ते रक्तातली साखर खरोखर उतरवतं, कारण चरबीपासून ऊर्जा मिळवायची शरीराची वाटच ते बंद करतं. त्याने माणसं दगावली आहेत. साखर उतरणं आणि मधुमेह सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आई पावडर आधीच घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना न लाजता सांगा, कुणी रागावणार नाही. अल्फा-ग्लुकोसिडेज थोपवणाऱ्या औषधांची एक खबरदारीही या निमित्ताने सगळ्यांनी लक्षात ठेवा. अ‍ॅकार्बोजसोबत इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक गट) चालू असताना साखर फार उतरली, तर घरातली साखर देऊन लवकर गुण येत नाही. ती सुक्रोज असते आणि तिला तोडणारं एंझाइमच रोखलेलं असतं. तिथे ग्लुकोजच द्यावं लागतं.

सावली_२

मनापासून आभार डॉक्टर. आईला हेच वाचून दाखवते. पावडर आठवडाभर घेतलीय तिने, उद्याच फोन करते त्यांना.

उलटप्रवाह

सगळं वाचलं. मग हे डॉकिंग करायचंच कशाला? वर्षानुवर्षं तेच पेपर, तेच रंगीत चित्र, शेवटी ‘पुढील संशोधनाची गरज आहे’. वनस्पतींतून मधुमेहाची जी औषधं आली त्यातलं एकही संगणकाने शोधलेलं नाही. विद्यार्थ्यांची वर्षं वाया जातात याचा मला खरंच त्रास होतो.

नाडीपरीक्षा

तुमचा त्रास समजतो, आणि इतिहास तुमच्याच बाजूने आहे. मेटफॉर्मिनचंच बघा. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झाडातल्या गॅलेजिनपासून ती वाट सुरू झाली. गॅलेजिन साखर उतरवायचं पण विषारी होतं. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये बनवलं गेलं, ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले आणि अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. रेणुभार जेमतेम १२९. आज ते डॉकिंगच्या यादीत टाकलं तर तळाला जाईल, कारण एवढ्याशा रेणूला मोठा आकडा येतच नाही. ते नेमकं कुठे कसं काम करतं यावर तर अजून वाद चालू आहेत. म्हणजे जगातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं मधुमेहाचं औषध या चाळणीतून गळून पडलं असतं.

गणकयंत्री

आणि उलटंही घडतं. फ्लोरिझिन सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याने लघवीतून साखर जाते हे फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवलं. मूत्रपिंडात साखर परत खेचून घेणारं एसजीएलटी-२ हे वाहक ते अडवतं. डॉकिंगमध्ये ते छान बसेल. पण तोंडाने घेतलं तर आतड्यातलं एंझाइम त्याची साखर तोडून टाकतं, शिवाय ते आतड्यातल्या एसजीएलटी-१ या वाहकालाही अडवतं, त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. मग रसायनशास्त्रज्ञांनी साखर ऑक्सिजनऐवजी थेट कार्बनला जोडली, म्हणजे तो सांधा एंझाइमला तुटेना. त्यातून आलेलं डापाग्लिफ्लोझिन युरोपात २०१२ मध्ये मंजूर झालं.

उलटप्रवाह, तरीही मी डॉकिंग सोडणार नाही. १७,९६७ संयुगं कुणी नळीत घालून बघू शकत नाही. चाळणीने त्यातली पन्नास निवडली आणि त्यात खरी कामाची पाच निघाली, तर चाळणीने तिचं काम केलं. ती चाळणी आहे की नुसतं भोक पडलेलं फडकं, हे मात्र आधी तपासायला हवं. माहीत असलेले अवरोधक आणि त्यांच्यासारखेच दिसणारे पण निकामी रेणू एकत्र मिसळा, प्रत्येक खऱ्यामागे पन्नास खोटे, आणि बघा खरे वर येतात का. येत नसतील तर नव्या संयुगांची यादी छापायचा अधिकार नाही.

शेवाळ

सहमत. या एंझाइमसाठी खरे रेणू तर वनस्पतींतूनच मिळतात. सप्तरंगी म्हणजे सॅलेशिया गटातल्या वेलींतलं सॅलासिनॉल, तुतीतलं डिऑक्सिनोजिरिमायसिन. मिग्लिटॉल हे औषध याच दुसऱ्या रेणूवरून घडवलंय. गंमत म्हणजे दोन्ही लहानसे रेणू. एकात गंधकावर धनभार, दुसऱ्यात नायट्रोजनवर. अ‍ॅकार्बोजचीच युक्ती. ओंजळभर, तुमच्या सहाशेंत हे दोन होते का? असतील तर कितव्या क्रमांकावर आले?

ओंजळभर

डिऑक्सिनोजिरिमायसिन आहे. ५७१ वा.

हे वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. उत्तर यादीतच होतं, मी वरच्या दहा ओळींच्या खाली बघितलंच नाही.

काचपात्र

आज बघितलंस ना, झालं तर. आणि रेणुभाराचं तुझं शल्यही काढून टाकते. लिपिन्स्कीचे नियम तोंडाने घेतलेलं औषध रक्तात शिरावं यासाठी आहेत. तुझं एंझाइम आतड्याच्या आतल्या बाजूला, अन्न जातं तिथेच आहे. अ‍ॅकार्बोजचा रेणुभार ६४५, रक्तात जातं दोन टक्क्यांहून कमी, तरी औषध आहे. त्या नियमाने काही संयुगं गाळली असशील तर ती परत घे. तुझ्या रेणूची साखर रुटिनोज (दोन साखरांची जोडी) असेल तर ती बरीचशी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत शाबूत जाते, म्हणजे लहान आतड्यात रेणू अख्खा असेल. या लक्ष्यासाठी ते चांगलंच.

ओंजळभर

साखर रुटिनोजच आहे! धन्यवाद ताई. कामाला लागते.

ओंजळभर (अकरा दिवसांनी)

जे जे सांगितलंत ते केलं.

२क्यूएमजे घेतली. खोका अ‍ॅकार्बोजभोवतीच आखला. नायट्रोजनवर प्रोटॉन ठेवला, कडं स्फटिकात जसं चपटं आहे तसं ठेवलं. अ‍ॅकार्बोज काढून पुन्हा बसवलं तेव्हा पहिलं कडं जागेवर आलं, अ‍ॅस्पार्टेट ४४३ आणि ५४२ या खळग्यातल्या दोन अमिनो आम्लांच्या मधोमध. शेपूट मात्र भरकटली. संपूर्ण रेणूचा आरएमएसडी (मूळ जागेपासूनचं सरासरी अंतर) दोन अँगस्ट्रॉमच्या वर गेला, फक्त पहिल्या दोन कड्यांचा आत राहिला. हे तसंच लिहिणार आहे.

जुनी उणे १०.४ वाली स्थिती उघडली. शेवाळ, तुमची शंका खरी होती. रेणू क्रियाशील जागेत नव्हता, प्रथिनाच्या पाठीवरच्या एका खाचेत आडवा पडला होता. नव्या रचनेत तो पहिल्या दहांतही नाही, एकोणचाळिसावा आहे. डिऑक्सिनोजिरिमायसिन आकाराच्या हिशेबाने आकडा विभागल्यावर वर आलं.

मैत्रिणीने कोऱ्या नळ्या लावल्या. सर्वांत जास्त मात्रेला संयुगाचाच पिवळा रंग इतका होता की जुन्या वक्राचं वरचं टोक त्यानेच बिघडवलं होतं. उंदराच्या आतड्याच्या अर्कावर, माल्टोज घालून, अ‍ॅकार्बोज आमच्या संयुगाच्या खूप पुढे निघालं. पण आमचं संयुगही अगदीच शून्य नाही, थोडं रोखतंय. सुक्रोजवर जरा जास्त रोखतंय. पेरॉक्सिडेजची नळी तपासली, रंग उतरत नाही.

शीर्षक बदललंय. मार्गदर्शकांना सगळं दाखवलं, ते आधी गप्प झाले, मग म्हणाले यीस्ट आणि आतडं दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी छाप.

आता ट्रायटन राहिलंय. सोमवारी लावतो आहोत.

काचपात्र

शाब्बास पोरी. ट्रायटनसोबत एक नळी एंझाइम दहापट करूनही लाव. खळग्यात बसणारं असेल तर आयसी-५० (निम्मं एंझाइम थोपवायला लागणारी मात्रा) फारसा हलणार नाही, गोळे असतील तर सरळ वर सरकेल. आणि ट्रायटन घालायच्या आधी नळी प्रकाशासमोर धरून बघ.